उतरत गेलेला साज

1792 साली पुण्यात दोन पाहुणे मुक्कामाला होते. एक उत्तरेतून आलेले महादजी शिंदे. दुसरा जेम्स वेल्स, रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या बोलावण्यावरून मुंबईहून घाट चढून आलेला स्कॉटिश चित्रकार. महादजींनी दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकीची वस्त्रं आणली होती, वेल्सने रंगांचं सामान. दोघांनाही सजवायचा होता तो माणूस एकच: अठरा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे.

वेल्सने काढलेलं पेशव्यांचं आणि नाना फडणिसांचं चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. तरुण पेशव्यांच्या अंगावर मोती आणि जडाव, शेजारी उंच, किडकिडीत नाना. कारभाराची सगळी सूत्रं नानांच्या हातात, पण बघणाऱ्याची नजर मोत्यांवरच जाते. त्या काळच्या कुणाला यात काही वावगं वाटलं नसतं. कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी, गळ्यात कंठी, बोटांत अंगठ्या, पगडीला शिरपेच आणि मोत्यांचा तुरा, अंगरख्याला अत्तर. ऐपत असलेल्या पुरुषाने हे सगळं ल्यावं, अशीच अपेक्षा असे. न ल्यायला तर घरात काहीतरी बिनसलंय असं लोक समजत. असा नटलेला पुरुष बायकी दिसतो, असं कुणी म्हणायला अजून बराच अवकाश होता.

याच मुक्कामात महादजींनी जे केलं ते इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे. उत्तर हिंदुस्थानात ज्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं असे हे सरदार हत्तीवरून उतरले, मानकऱ्यांच्या रांगेत सगळ्यांच्या खाली जाऊन बसले आणि पेशवे आल्यावर काखेतलं गाठोडं सोडून त्यातून नवा कोरा जोडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. आमच्या वडिलांचं काम हेच होतं, असं म्हणाले. पुढे तेच महादजी पेशव्यांना बादशाही खिलत चढवणार होते. म्हणजे स्वतः पायाशी बसायचं आणि समोरच्याला रत्नजडित वस्त्रांत गुंडाळायचं. त्या दरबारात साधेपणाचं वजन किती पडतं हे महादजींना नेमकं ठाऊक होतं.

हे वजन जुनंच होतं. ग्रँट डफनेच पहिल्या बाजीरावाची एक हकीकत दिली आहे. एका नामांकित चित्रकाराला पाठवलं आणि सांगितलं, बाजीराव पहिल्यांदा ज्या अवस्थेत दिसेल तसाच काढून आण. चित्रात निघाला तो एक घोडेस्वार. खांद्यावर भाला, दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसं चोळत दाणे खात चाललेला. देखणा म्हणून ज्याची ख्याती, त्या पेशव्याचं हे रूप मराठ्यांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितलं. पण त्याच बाजीरावाच्या नातवंडांच्या पिढीत छावणी मागे पडली, वाडे उठले आणि वाड्यांत शोभेल असा पुरुष लोकांना आवडू लागला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शाहिरांनी ज्या लावण्या रचल्या त्यांत बाईच्या तोंडून पुरुषाचं वर्णन येतं. तिथेही दोघं आहेत: मोहिमेवर गेलेला, कधी परतेल याचा नेम नसलेला शिपाईगडी, आणि विडा रंगवून माडीच्या पायऱ्या चढणारा रंगेल.

1817 मध्ये शनिवारवाड्यावरचं निशाण उतरलं. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी पुरुषाच्या अंगावरून एकेक गोष्ट उतरत गेली. मोती आधी गेले, कारण पैसा गेला. बाकीच्या गोष्टी इतक्या सहजासहजी गेल्या नाहीत.

पगडीचंच घ्या. फेटा किंवा पागोटं ज्याचं त्याने रोज बांधायचं. पगडी मात्र पगडबंदाकडून घडवून आणायची. पातळ, लांबच लांब कापडाला पीळ देत, थरावर थर बसवत, टाके घालत तो तिला आकार देई. एकदा घडली की ती बाहेर जाताना डोक्यावर ठेवायची आणि घरी आल्यावर खुंटीला अडकवायची. शिंदेशाही, होळकरशाही, ब्राह्मणी चक्रीदार असे तिचे घाट, आणि नुसत्या घाटावरून समोरचा कोण, कुठला, कुणाच्या पदरी हे कळावं अशी व्यवस्था. या व्यवस्थेचा पाया मात्र डोक्यावरच्या केसांत होता, किंवा ते नसण्यात. पगडी नीट बसते ती तासलेल्या डोक्यावर. मधे शेंडी, भोवती संजाब ठेवून बाकी डोकं न्हाव्याने दर आठ-पंधरा दिवसांनी चकचकीत करावं, तेव्हा पगडी जागेवर राहणार. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतल्या पोरांनी केस राखायला, भांग पाडायला सुरुवात केली तेव्हा घरोघरी वडीलमंडळी संतापली, ती शास्त्राच्या नावाने. भांग पाडलेल्या डोक्यावर पगडी डुगडुगते, ही अडचण वेगळीच. मग टोपी आली. काळी, गोल, हलकी, स्वस्त, आणि खाली केस कितीही असोत, बसणारी. पगडबंदाचा धंदा कशाने बसला असं विचारलं तर मी इंग्रजी शिक्षणाइतकंच बोट न्हाव्याच्या कात्रीकडे दाखवीन.

न्हाव्यांचं आणखी एक काम याच काळात चर्चेत आलं. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं तिथे ठरलं. कुणाच्या डोक्यावर किती केस असावेत हा प्रश्न त्या दशकात किती पेटला होता याची यावरून कल्पना यावी. पुरुषाला निदान वडिलांशी भांडता येत होतं.

त्या पिढीचे फोटो चाळले की एक गंमत दिसते. रानडे, टिळक, गोखले यांच्याभोवती वावरणारी मंडळी कमरेच्या वर विलायतेत, कमरेखाली देशात आणि डोक्यावर अजून पेशवाईत. बंद गळ्याचा कोट, त्याखाली धोतर, खांद्यावर घडीचं उपरणं, डोक्यावर पगडी, पायांत पुणेरी जोडा. गांधीजी आत्मकथेत गोखल्यांच्या अशाच एका उपरण्याची गोष्ट सांगतात. 1912 मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले असताना जोहान्सबर्गच्या मेजवानीआधी ते चुरगळलेलं निघालं. रानड्यांनी भेट दिलेलं ते वस्त्र गोखले जिवापाड जपत, खास प्रसंगीच वापरत. धोब्याकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधीजी म्हणाले, मी करतो इस्त्री. गोखल्यांनी आढेवेढे घेतले. तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, धोबीकामावर नाही, असा त्यांचा सूर होता. शेवटी गांधीजींनी इस्त्री केली आणि पसंतीची पावती मिळवली. मोती गेले तरी नीटनेटकेपणाचा हा कडकपणा त्या मंडळींत टिकून होता. धोतराच्या निऱ्या, काठ, उपरण्याची घडी यांत त्यांचा सगळा शृंगार एकवटला होता. नागपूरच्या रेशीमकाठी धोतरजोडीची ऐट पूर्वीच्या जरीपेक्षा कमी नव्हती.

या नीटनेटकेपणाला भर मेजवानीत सुरुंग लावला तो जोतीराव फुल्यांनी. 2 मार्च 1888. इंग्लंडच्या राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात हरि रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली होती. निमंत्रित मंडळी जरीच्या पगड्या, शालजोड्या, हिऱ्या-मोत्यांनी मढून आली. फुले आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात, डोक्याला मुंडासं आणि खांद्यावर घोंगडी टाकून. दारावर त्यांना अडवल्याचं सांगतात. यजमानांनी ओळखून आत नेलं. बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी ड्यूकला साफ सांगितलं की या दागिन्यांनी सजलेल्या लोकांवरून राणीच्या प्रजेची कल्पना करून घेऊ नका, खरी प्रजा खेड्यांत आहे आणि तिच्याकडे अन्न, वस्त्र, शिक्षण काही नाही. फुले एरवी असे राहत नसत. ते ठेकेदारी करणारे, शहरात व्यवस्थित पोशाखात वावरणारे गृहस्थ होते. त्या दिवशीची घोंगडी त्यांनी विचारपूर्वक पांघरली होती. महादजींचा जोडा आणि फुल्यांची घोंगडी यांत फरक एवढाच की महादजींना दरबारात जागा हवी होती आणि फुल्यांना तो दरबार ज्यांच्या पैशावर उभा होता ते लोक दाखवायचे होते.

कपडे असे उतरत होते तेव्हा खालचं शरीर चर्चेत येणार हे ओघानेच आलं. टिळकांनी डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवून तालमीत घालवलं, ही गोष्ट पुढे प्रत्येक मराठी मुलाला ऐकवली गेली. हाडकुळा, चष्मा लावलेला, पाठीत वाकलेला पदवीधर हा इंग्रजांच्या आणि आपल्याही थट्टेचा विषय झाला होता. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1897 पासून दहा वर्षं युजेन सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत होते, त्याचं साहित्य आणि पुस्तकं मागवून. सँडो म्हणजे ग्रीक पुतळ्यांसारख्या पोझ देऊन आपले स्नायू दाखवणारा युरोपातला गाजलेला पहिलवान. 1904-05 च्या सुमारास तो स्वतः हिंदुस्थानात येऊन गेला. पुढे बाळासाहेबांनी सँडो सोडला आणि सूर्यनमस्कार धरले, ते इतके की औंधच्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. म्हणजे देशी शरीराच्या या मोहिमेचा आरंभ विलायती स्प्रिंगच्या डंबेल्सनी झाला होता.

कोल्हापूरला हे सगळं पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. शाहू महाराज स्वतः धिप्पाड, कुस्तीचे वेडे. रोमचं कलोसियम पाहून आल्यावर त्यांनी खासबागेचं मैदान बांधायला घेतलं आणि 1912 मध्ये ते खुलं झालं. पंचगंगेकाठच्या गावांत देखणा पुरुष म्हणजे मानेचा आणि खांद्याचा फरक दिसू नये असा गडी, लाल मातीत घोळलेला. त्याचे कान बघावेत. पट धरता-सोडवताना, प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याशी डोकं घासून ते मोडतात, सुजतात आणि कायमचे गोळा होऊन बसतात. पुण्याच्या वाड्यात ज्या कानाच्या पाळीत भिकबाळी डुले, तोच कान कोल्हापूरच्या तालमीत असा फुटलेला असला म्हणजे पैलवानाचा वट वाढायचा. पैलवान रस्त्याने निघाला की मलमलीचा सदरा, कोशा पटका, करकर वाजणाऱ्या वहाणा. साज त्यालाही हवा होता, फक्त शरीराच्या आड येणार नाही एवढाच.

ही सगळी चित्रं एकमेकांवर आदळली ती रंगभूमीवर. 12 मार्च 1911 ला मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘संगीत मानापमान’ रंगमंचावर आणलं. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने आदल्याच वर्षी बंदी घातलेली. आता त्यांनी वरवर पाहता निरुपद्रवी विषय घेतला: एका श्रीमंत मुलीने नवरा कसला निवडावा? धैर्यधर सेनापती आहे, शूर आहे, पण गरीब. लक्ष्मीधर गडगंज श्रीमंत, दागिन्यांनी मढलेला आणि पक्का भित्रा. भामिनी धैर्यधराचा पाणउतारा करते, कारण साध्या शिपायाच्या अंगावर तिला शोभेल असं काही नाही. पुढे तिने गरीब मुलीचं सोंग घ्यायचं, धैर्यधराचा पराक्रम जवळून बघायचा आणि वितळायचं, हे आलंच. लक्ष्मीधर रंगवला गणपतराव बोडसांनी. तो येताच थिएटर हसू लागे.

त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी हाच लक्ष्मीधर शनिवारवाड्यात आला असता तर कुणाला हसू आलं नसतं. तो ज्या थाटात रंगमंचावर येतो तो दरबारी पुरुषाचा रीतसर पोशाख. खाडिलकरांनी त्या पोशाखात भित्रा माणूस कोंबला आणि प्रेक्षकांना त्यांच्या पणजोबांच्या शृंगारावर हसायला शिकवलं. मला स्वतःला लक्ष्मीधराची थोडी दया येते. त्याचा गुन्हा एवढाच की तो चुकीच्या शतकात नटला. पण टिळकांच्या अनुयायांना पुरुष हवा होता तो लढणारा, आणि लढणाऱ्याच्या गळ्यात मोत्याचा सर आता चालणार नव्हता. वाड्याचा पुरुष बाद, छावणीचा पुरुष पसंत, असा निकाल त्या नाटकाने दिला आणि तो मराठी घरांत दीर्घकाळ टिकला. वरसंशोधनाला निघालेले बाप मात्र पुढेही लक्ष्मीधराच्याच दारी जात राहिले, हा भाग निराळा.

या निकालात खरी मेख अशी की ज्या भामिनीसमोर दोन पुरुष उभे होते ती स्वतःच पुरुष होती. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, तेव्हा बावीस वर्षांचे होते. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी गेली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले. त्यांचे शालू अस्सल, दागिन्यांचा घाट नेमका, केसांतल्या गजऱ्यापासून पदराच्या निरीपर्यंत सगळं असं की चांगल्या घरच्या बायका नाटकाला येऊन नेसण्याची तऱ्हा पाहून जात. मोती, रेशीम, अत्तर, नाजूक हालचाल, जे जे पुरुषाने पेशवाईनंतर टाकून दिलं होतं, ते महाराष्ट्रातल्या सर्वांत लाडक्या पुरुषाच्या अंगावर रोज रात्री चढत होतं, फक्त शालूच्या आडून. धैर्यधर व्हायचं सगळ्यांना, पण तिकीट काढायचं ते भामिनीसाठी. 1935 मध्ये शांतारामांनी ‘धर्मात्मा’ या चित्रपटात बालगंधर्वांना संत एकनाथ केलं. आयुष्यभर स्त्रीवेशात पाहिलेला माणूस धोतर-उपरण्यात दिसला तेव्हा लोकांना ते रूप रुचलं नाही. दोन वर्षांनी ते पडद्यावर आले ते मीराबाई होऊन.

8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोन मातब्बर मंडळ्या एका रंगमंचावर, आणि तिकिटांचे दर न ऐकलेले. त्याच महिन्याच्या 31 तारखेला परळला गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. मँचेस्टरचं धोतर, फ्रेंच रेशीम, इंग्रजी फेल्टच्या टोप्या ढिगात जाऊन पडल्या. सप्टेंबरात मदुरैला गांधीजींनी सदरा आणि टोपीही टाकली आणि पंचा नेसला. नऊ वर्षांपूर्वी गोखल्यांच्या उपरण्याला हौसेने इस्त्री करणाऱ्या माणसाने आता स्वतःच्या अंगावर इस्त्री करण्याजोगं काही ठेवलं नाही. त्यांचे अनुयायी मात्र टोपी टाकायला तयार नव्हते. पांढरी खादीची टोपी महाराष्ट्रात इतकी रुजली की साताऱ्या-नगरकडच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून ती अजून उतरलेली नाही. 1925 मध्ये नागपुरात निघालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने आधी खाकी आणि 1930 मध्ये काळी टोपी घेतली. पगडीने जात सांगितली होती, टोपी पक्ष सांगू लागली.

एका माणसाला मात्र हा साधेपणाचा सोहळा मानवला नाही, आणि त्याला कारण होतं. डॉ. आंबेडकरांनी 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात इंदूर भागातल्या बलाई समाजाची हकीकत दिली आहे. होळकरांच्या राज्यात, 1928 सालची. तिथल्या पाटील-पटवाऱ्यांसकट सवर्णांनी बलाईंना फर्मावलं की गावात राहायचं तर जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. नियमांची यादी आणखी लांब होती आणि न पाळणाऱ्यांचे हाल झाले. धोतराच्या बोटभर काठासाठी माणसांना गाव सोडावं लागत होतं, त्याच वर्षांत शहरातली मंडळी जरीचं धोतर टाकून खादी नेसल्याबद्दल त्यागमूर्ती ठरत होती. ज्याच्याकडे जरी आहे त्यालाच ती टाकण्याचा मान मिळतो. ज्याला ती कधी लावूच दिली नाही त्याने साधेपणाचं कौतुक काय म्हणून करावं?

1927 च्या डिसेंबरात महाडला आंबेडकरांनी बायकांना सांगितलं होतं की लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण पटवणारे ते कथलाचे-चांदीचे जड दागिने काढून टाका. स्वतः ते सुटात असत. चांगल्या शिंप्याकडून शिवलेला, नेमक्या मापाचा कोट, टाय, खिशाला भारी फाउंटन पेन. पेनांचा त्यांना शौकच होता. 1931 मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते आणि गांधीजी दोघंही लंडनला होते. गांधीजी पंचा आणि शाल पांघरून बकिंगहॅम राजवाड्यात चहाला गेले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते फोटो छापले. आंबेडकरांच्या सुटाकडे लंडनमध्ये कुणी वळून पाहिलं नसेल, तिथे तसे हजारो होते. इथे मात्र तो पाहिला गेला. दलित वस्त्यांतल्या पोरांना देखणा पुरुष कसा दिसतो याचं उत्तर त्या निळ्या सुटाने दिलं, आणि पुतळे उभारायची वेळ आली तेव्हा शिल्पकारांना वेश निवडण्याची मुभाच उरली नाही.

मधल्या आळीतल्या, पांढरपेशा पोरांचं उत्तर निराळं होतं आणि ते कादंबरीतून येत होतं. ना. सी. फडक्यांचा नायक टेनिस खेळतो, बोलण्यात चतुर, दाढी गुळगुळीत, पँटला कडक इस्त्री, पोरींशी बोलताना ततपप करत नाही. तो दंड मोजत नाही आणि तलवारही काढत नाही. टीकाकारांनी त्याची भरपूर टर उडवली, पण त्या काळच्या कॉलेजकुमारांनी त्याच्यासारखा भांग पाडला. मिशीही याच सुमारास गेली. वडील हयात असताना मिशी काढणं पूर्वी अभद्र समजलं जाई, कारण ती सुतकात उतरत असे. आता सेफ्टी रेझर घरात आला, न्हावी रोज यायची गरज उरली नाही, आणि मुलगा सकाळी आरशासमोर उभा राहून ओठावरची रेघ साफ करून बाहेर पडू लागला. आजोबांनी तोंड फिरवून घ्यावं आणि आईने हळूच, जेवायला बस, म्हणावं, एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. खेड्यात मिशी टिकली, शहरातही ती पूर्ण गेली नाही. कोरून तलवारकट झाली किंवा नाकाखाली माशीएवढी उरली.

सिनेमाला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती, त्याने सगळेच वापरले. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून वर आलेला मास्टर विठ्ठल तालमीच्या अंगाचा, घोड्यावरून तलवारबाजी करणारा, आणि 1931 च्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाचा नायक. पण बोलपट बोलू लागला तसं नुसतं शरीर पुरेनासं झालं. 1938 मध्ये आचार्य अत्र्यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’ने तर बलोपासनेचीच खिल्ली उडवली. विनायकांचा औदुंबर ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून पेटतो, खोलीतल्या नट्यांच्या तसबिरी फेकून देतो, व्यायाम सुरू करतो, आश्रमात भरती होतो. मग नायिका मीनाक्षी पोहायच्या पोशाखात पाण्यात उतरते आणि सगळे जोर-बैठका वाया जातात. खाडिलकरांच्या नाटकात प्रेक्षक दागिन्यांना हसले होते, सत्तावीस वर्षांनी ते दंडाच्या बेटकुळ्यांना हसत होते. औदुंबर ना लक्ष्मीधर आहे ना धैर्यधर. तो सामान्य अंगकाठीचा, गोंधळलेला, लोभस माणूस, आणि पोरगी त्याच्यावरच भाळते. मराठी पडद्यावर हा माणूस पुढे फार काळ राहिला.

स्वातंत्र्यानंतर धोतर कचेरीतून गेलं, मग घरातून. टोपी साठीच्या दशकापर्यंत शहरी डोक्यांवर तुरळक दिसे. पगडी तोवर लग्नमुंज, सत्कार आणि नाटकापुरती उरली होती. 2009 मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ती आता कायद्याने जपायची वस्तू झाली. जपायला काढलेली वस्तू निरुपद्रवी झाली असं सगळ्यांनी धरून चालायला हरकत नव्हती. पण जून 2018 मध्ये पुण्याच्या जाहीर सभेत शरद पवारांनी आपल्या पक्षाला सांगितलं की यापुढे आपल्या कार्यक्रमांत पुणेरी पगडी नको, फुले पगडी वापरा. चार-सहा दिवस वर्तमानपत्रांचे रकाने त्यावर भरत होते. पुण्यात सत्काराचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत आता दोन्ही पगड्या मिळतात, आणि नेताना पाहुणा कोण आहे हे आधी विचारून घ्यावं लागतं.